नववी ‘ब’ची झोप : एका शालेय प्रकल्पाच्या नोंदी

३० जून २०२५

विषय पक्का झाला. तालुका विज्ञान प्रदर्शनासाठी यंदा नववी ‘ब’ झोपेवर काम करणार. स्टाफरूममध्ये जे विनोद व्हायचे ते सगळे झाले (‘म्हणजे प्रात्यक्षिक रोज पहिल्या तासाला का?’). प्रकल्पाचं मूळ खरं तर तिथेच आहे. आमची शाळा डोंबिवलीतली. इमारत एक, अधिवेशनं दोन. पूर्वी सकाळी प्राथमिक भरायचं आणि दुपारी माध्यमिक. ८ फेब्रुवारी २०२४च्या शासन निर्णयाने पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी ९च्या आधी भरवायचे नाहीत असं ठरलं. लहानग्यांची झोप पुरी व्हावी हा हेतू, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण प्राथमिक दुपारी गेलं आणि मोठी मुलं सकाळी ७.१०ला आली. ज्या वयात शरीरच रात्री लवकर झोपू देत नाही, नेमकी त्या वयाची.

हे शेवटचं वाक्य माझं मत म्हणून राहायला नको. मुलांनी ते मोजून, वाचून तपासावं असा बेत आहे. ‘झोपेचे दहा फायदे’ असला फ्लेक्स करायचा नाही, एवढं आजच बजावलं.

४ जुलै

झोपेच्या वहीचे रकाने ठरले. दिवा किती वाजता बंद केला, झोप अंदाजे कधी लागली, मध्ये जाग आली का, कधी उठलो, दुपारी झोपलो का आणि किती वेळ, चहा-कॉफी शेवटची कधी, शाळेत डुलकी लागली का. वही सकाळी भरायची. रात्री घड्याळ बघत पडून राहिलं तर येणारी झोपही पळते. वहीवर नाव नाही, फक्त क्रमांक. पालकांच्या सह्या आल्याशिवाय सुरुवात नाही.

एकाच्या बाबांच्या मनगटी घड्याळात रोज ‘गाढ झोप’ किती टक्के ते येतं. ते आकडे वापरायचे का, यावर बराच वाद झाला. मी नको म्हटलं. मनगटावरचं यंत्र हालचाल आणि नाडी मोजतं आणि त्यावरून अंदाज बांधतं. कधी झोपलो, कधी उठलो एवढ्यापुरतं ते बरं. झोपेची अवस्था नीट ओळखायची तर डोक्याला इलेक्ट्रोड लावून मेंदूच्या लहरी बघाव्या लागतात. माणसाच्या मेंदूचा असा पहिला आलेख हान्स बर्गर यांनी जर्मनीत १९२४ साली घेतला. शिकागोत युजीन ॲसेरिन्स्की या विद्यार्थ्याने रात्र रात्र असेच आलेख काढले, तेव्हा झोपलेल्या माणसाचे डोळे पापण्यांखाली मध्येच भराभर हलतात असं त्याला दिसलं. सुरुवातीला त्याने ज्यांच्यावर हे पाहिलं त्यांत त्याचा स्वतःचा आठ वर्षांचा मुलगा होता. त्याचे मार्गदर्शक नथॅनियल क्लाइटमन यांच्यासोबतचा त्याचा निबंध १९५३चा. डोळे असे भराभर हलतात ती ‘रेम’ झोप तिथून माहीत झाली.

११ जुलै

लाजाळूची कुंडी आली. रेल्वेच्या कडेला पावसाळ्यात लाजाळू वाटेल तेवढी उगवते, पण मुलांनी ती नर्सरीतून विकत आणली. रुळांजवळ जायला मीच मनाई केली होती.

झोपेच्या प्रकल्पात लाजाळू कशाला, असं मोठ्या बाईंनी विचारलं. लाजाळूची पानं संध्याकाळी मिटतात आणि सकाळी उघडतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. १७२९ साली द मेरां या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या मनात आलं, की झाड कपाटात अंधारात ठेवलं तर? पानं तरीही आपल्या वेळेला उघडत-मिटत राहिली. सूर्य दिसत नसूनही. वेळ सांगणारं काहीतरी झाडाच्या आतच आहे, याचा हा पहिला धागा. पुढे १९७१ मध्ये कोनोप्का आणि बेन्झर यांनी फळमाशीत अशी जनुकीय जागा शोधली, की ती बिघडली तर माशीचा दिवसच लांबतो, आखूड होतो किंवा नाहीसा होतो. त्या जनुकाचं काम पेशीत कसं चालतं हे उलगडणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग यांना २०१७चं नोबेल मिळालं. थोडक्यात असं, की जनुकापासून प्रथिन बनतं, ते साठत जातं, पुरेसं साठलं की त्याच जनुकाला गप्प करतं, मग स्वतः झिजून जातं, आणि सगळं पुन्हा सुरू. एक फेरी साधारण २४ तासांची.

कुंडी प्रयोगशाळेच्या लोखंडी कपाटात ठेवली. बघायला टॉर्च, त्यावर हिरवा जिलेटीन कागद. सकाळची आणि दुपारची नोंद मुलं घेतील, संध्याकाळची मामा. पानांना हात लावायचा नाही हे नववीच्या मुलांना सांगणं किती कठीण असतं, ते शिक्षकांनाच कळेल.

१६ जुलै

अंधारात असूनही सकाळी पानं बरीचशी उघडलेली, संध्याकाळी मामांना मिटलेली दिसली. मुलं खूश. आता झाड मलूल होऊ लागलंय, म्हणून बाहेर काढलं. घ्यायचं तेवढं मिळालं.

२१ जुलै

वह्यांची पहिली खेप चाळली. बहुतेकांचं चित्र एकसारखं आहे. रात्री १२च्या पुढेमागे झोप, पावणेसहाला गजर. १२.१०ला शाळा सुटली की घरी जेवण आणि मग दुपारी दोन ते पाच गाढ झोप. सहाला क्लास, साडेआठला घरी. आई-बाबा लोकलने नऊला येणार, दहाला जेवण. अभ्यासाला बसायचं अकराला, चहा घेऊन. मग बारालाही झोप येत नाही, आणि घरचे म्हणणार ‘मोबाइलमुळे’.

फळ्यावर दोन रेघा काढून दाखवल्या. आलेक्झांडर बोर्बेली यांनी १९८२ साली मांडलेली ही कल्पना अजूनही झोप समजून घ्यायला सर्वांत उपयोगी आहे असं मला वाटतं. पहिली रेघ झोपेच्या ओढीची. जागेपणी मेंदूत ॲडेनोसिन नावाचं रसायन साठत जातं आणि ओढ वाढत जाते, झोपलं की ती उतरते. दुसरी रेघ आतल्या घड्याळाची. ती किती जागलात हे विचारत नाही, ठरल्या वेळी जागं ठेवते आणि ठरल्या वेळी सोडते. दोन्ही जुळून आल्या की पटकन झोप लागते. दुपारी तीन तास झोपल्यावर पहिली रेघ तळाला जाते. मग रात्री अकरापर्यंत ती चढणार कधी? त्यात चहा. कॅफीन झोपेची ओढ कमी करत नाही, ॲडेनोसिनची जागा अडवून ती फक्त जाणवू देत नाही. साधारण ५ तासांनीसुद्धा त्यातलं निम्मं शरीरात असतं.

‘म्हणजे बाई, दुपारची झोप बंद?’ इतकं सोपं नाही. दुपारी झोपतात कारण सकाळी झोप तुटते. सकाळी तुटते कारण रात्री उशीर होतो. रात्री उशीर होतो कारण दुपारी झोपतात. हे वर्तुळ कुठून तोडायचं, तोच प्रकल्प.

पहाटे तुटणारी झोप कोणती, हेही मुलांना कळलं. रात्रीच्या पहिल्या भागात गाढ झोप जास्त असते आणि वाढीच्या संप्रेरकाचा मोठा लोट तेव्हाच येतो. रेम झोप पहाटेकडे वाढत जाते. गजर मारतो तो मुख्यतः तिला.

२५ जुलै

एका वहीत उठण्याची वेळ रोज साडेचार. मुलीला बाजूला घेऊन विचारलं. त्यांच्याकडे पाणी पहाटे येतं, भरायचं काम तिचं. चांगल्या सवयींच्या कुठल्याही यादीत यावर उत्तर नाही. तिच्या आईशी बोलले. आठवड्यातले काही दिवस भाऊ उठेल असं ठरलंय. (भाऊ अकरावीत आहे, आणि आजवर त्याला उठवण्याचा विचारच कोणाच्या मनात आला नव्हता.)

४ ऑगस्ट

पालकसभा. अपेक्षेप्रमाणे ‘लवकर निजे, लवकर उठे’ झालं आणि मोबाइल झाला.

मोबाइलची बाजू घ्यायची नव्हती, पण हिशेब नीट मांडायचा होता. अमेरिकेतल्या एका प्रयोगात प्रौढांना झोपण्याआधी चार चार तास पूर्ण उजेडातल्या टॅबवर वाचायला लावलं आणि तुलनेला मंद प्रकाशात छापील पुस्तक दिलं. टॅबवाल्यांची मेलाटोनिनची (रात्र झाली असं शरीराला सांगणाऱ्या संप्रेरकाची) वेळ सुमारे दीड तास पुढे सरकली. झोप लागायला मात्र जेमतेम १० मिनिटं जास्त लागली. म्हणजे उजेडाचा परिणाम खरा आहे, पण माझ्या मते मोठी चोरी उजेड करत नाही. न संपणारी रील करते. आणि उजेडाचंच म्हणायचं, तर डोक्यावरची ट्यूबलाइटसुद्धा अकरापर्यंत ढणढण चालू असतेच की.

मग झोपेच्या संशोधक मेरी कार्सकॅडन यांचं काम सांगितलं. वयात येताना मुलांचं आतलं घड्याळच पुढे सरकतं, संध्याकाळी मेलाटोनिन उशिरा वाढू लागतं. झोपेची ओढही लहान मुलांपेक्षा हळू चढते. हे त्यांनी आणि इतरांनी १९९०च्या दशकापासून मोजून दाखवलंय. गरज मात्र तेवढी कमी होत नाही. १३ ते १८ वयाला ८ ते १० तास झोप हवी, अशी अमेरिकेतल्या निद्रावैद्यकाच्या अकादमीची २०१६ची शिफारस आहे. आमच्या वह्यांत शाळेच्या रात्री सहाही तास क्वचित दिसतात.

मागच्या बाकावरचे एक बाबा म्हणाले, ‘मॅडम, मी नाइट करतो. मला दिवसा झोप लागत नाही, त्याला आळस कोणी म्हणत नाही. पोराला मात्र आम्ही रोज म्हणतो.’ माझ्या तासाभराच्या बोलण्यापेक्षा हे दोन वाक्यांत जास्त पोचलं.

१२ ऑगस्ट

भूगोलाच्या सरांनी आज आपणहून तास दिला. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची, मिर्झापूरजवळची. डोंबिवली साधारण ७३.१ अंशांवर. फरक ९.४ अंश, एका अंशाला ४ मिनिटं, म्हणजे जवळजवळ ३८ मिनिटं. शाळेचं ७.१० हे आपल्या सूर्याचं ६.३२ आहे. १९०६ साली प्रमाणवेळ आली, तरी मुंबईने आपली वेगळी वेळ पुढे १९५५पर्यंत काही कामांसाठी टिकवून ठेवली होती, हे सरांनी रंगवून सांगितलं. तिच्यात आणि प्रमाणवेळेत फरक ३९ मिनिटांचा होता.

जानेवारीच्या मध्याला इकडे सूर्य सव्वासातच्या सुमारास उगवतो. म्हणजे शाळेची घंटा सूर्योदयाच्या आधी. हे नुसतं गमतीचं गणित नाही. डोळ्यांच्या नसा मेंदूत जिथे एकमेकींना छेदतात, त्याच्या जरा वर सुमारे २० हजार चेतापेशींचा एक पुंजका आहे, तोच मुख्य घड्याळ. माणसाचं हे घड्याळ सरासरी २४ तासांहून काही मिनिटं जास्त चालतं, म्हणून रोज थोडं मागे ओढून लावावं लागतं. ते काम सकाळचा उजेड करतो. डोळ्याच्या पडद्यात काही पेशी चित्र बघण्यासाठी नसून मुख्यतः उजेड मोजण्यासाठी असतात. त्या निळसर उजेडाला सर्वांत जास्त दाद देतात आणि निरोप थेट या घड्याळाकडे जातो. ढगाळ सकाळीसुद्धा बाहेर काही हजार लक्स (उजेड मोजायचं एकक) उजेड असतो. ट्यूबच्या वर्गात काहीशे.

२७ ऑगस्ट ते ६ सप्टेंबर

गणपती. वह्या चालू, पण या दिवसांच्या नोंदी हिशेबात धरायच्या नाहीत.

१५ सप्टेंबर

रविवारचा हिशेब. म्युनिकच्या टिल रोएनेबर्ग यांच्या गटाने २००६ साली एक सोपं माप दिलं. कामाच्या दिवशीच्या झोपेचा मध्यबिंदू आणि सुट्टीच्या दिवशीचा मध्यबिंदू यांतलं अंतर काढायचं. एका वहीतलं उदाहरण फळ्यावर सोडवलं. शाळेच्या रात्री १२.३० ते ५.४५, मध्य ३.०७. रविवारी १ ते १०, मध्य ५.३०. अंतर जवळजवळ अडीच तास. भारत आणि सौदी अरेबियाच्या वेळांत तेवढंच अंतर आहे. पोरगा दर शनिवारी रात्री रियाधला जातो आणि सोमवारी पहाटे परत येतो. वर्गात हे इतकं आवडलं, की ‘रियाध’ हा शब्द आता जांभईसाठी वापरतात.

याच तासाला रँडी गार्डनरची गोष्ट कोणीतरी काढली. सॅन दिएगोच्या या शाळकरी मुलाने १९६३च्या अखेरीस सलग २६४ तास जागरण केलं, तेही विज्ञान प्रदर्शनासाठीच. नंतर पहिल्या रात्री तो १४ तासांहून जास्त झोपला. आपणही करू या, असं म्हणणाऱ्या दोघांना शाळेतच नव्हे तर घरीही हे करायचं नाही असं लिहून द्यायला लावलं.

१९ सप्टेंबर

आता बदल करून बघायचे. इच्छा असेल त्यांनीच. फक्त तीन गोष्टी ठरल्या. रविवारी रोजच्यापेक्षा फार तर दीड तास उशिरा उठायचं. दुपारची झोप तीनच्या आत आणि अर्ध्या तासाची, गजर लावून. पाचनंतर चहा-कॉफी नाही. शाळेच्या बाजूने चौथी गोष्ट, पाऊस नसेल तेव्हा परिपाठ सभागृहात न घेता मैदानात.

आधी यादी लांबलचक होती, मी कापली. निद्रानाशासाठी जे उपचार सिद्ध झालेत ते मुलांनी वाचून आणले होते. त्यांत अंथरुणात घालवायचा वेळच कमी करायचा, अशी एक पद्धत आहे. ती तज्ज्ञाच्या देखरेखीखाली, आणि ज्यांना वेळ असूनही झोप लागत नाही त्यांच्यासाठी. आमच्या मुलांना झोप लागते, तिला वेळच मिळत नाही. रोग वेगळा, औषध वेगळं.

त्यातली एक सूचना मात्र ठेवण्यासारखी होती. रिचर्ड बूट्झिन यांनी १९७२ साली सांगितली ती, की अंथरूण फक्त झोपेसाठी वापरायचं, म्हणजे तिथे पडलं की मेंदूला झोपच आठवते. यावर मुलं हसली. एका खोलीच्या घरात अभ्यास, जेवण, टीव्ही सगळं त्याच पलंगावर. तेव्हा एक मुलगी म्हणाली, ‘आमच्याकडे पलंगच नाही, रात्री गादी घालतो, सकाळी गुंडाळतो.’ तिला वाटलं आपलं काहीतरी कमी आहे. खरं तर बूट्झिनचा नियम त्या घरात कोणी न सांगता पाळला जातोय. पलंगवाल्यांनी निदान अभ्यास पाटावर बसून करावा, असं ठरलं.

२६ सप्टेंबर

पहिल्या दिवसांची बोंब अपेक्षित होतीच. अर्ध्या तासाच्या गजराने उठलेली मुलं क्लासमध्ये पेंगतात, घरी चिडचिड करतात. क्लासच्या सरांचा फोन आला. त्यांना सांगितलं, जरा दम धरा. झोपेची जुनी थकबाकी असताना दुपारचा आधार काढला की आधी त्रास वाढतो. रात्रीची वेळ अलीकडे यायला थोडे दिवस लागतात.

एकाची आजी म्हणाली, तळपायाला तूप लावून काशाची वाटी घासा, सगळं जागेवर येईल. मुलांनी विचारलं, अंधश्रद्धा का? वाटीच्या धातूत काही आहे असं मी म्हणणार नाही. पण झोप लागताना शरीराच्या आतलं तापमान थोडं उतरावं लागतं, आणि ती उष्णता बाहेर जाते मुख्यतः हातापायांच्या त्वचेतून. पाय उबदार असले की झोप लवकर लागते, हे १९९९ मध्ये स्वित्झर्लंडच्या एका गटाने दाखवलंय. कोमट पाण्याने पाय धुतले तरी चालेल. तूप वाचेल.

१० ऑक्टोबर

सहामाहीच्या आधी वह्या पुन्हा तपासल्या. सर्वांत जास्त टिकलेला बदल रविवारचा. ज्यांनी तो पाळला त्यांच्या सोमवारच्या डुलक्या स्पष्टपणे कमी आहेत आणि रविवारी रात्री झोप लवकर लागतेय. चहाचं बऱ्यापैकी जमलं. दुपारच्या झोपेत दोन तट पडले. ज्यांच्या घरी रात्रीचं जेवण नऊच्या आत होऊ शकलं त्यांना फायदा दिसला. ज्यांचे आई-बाबाच साडेनऊला उंबऱ्यात येतात, त्यांनी दुपारची झोप सोडली आणि रात्रीची मिळाली नाही. त्यांना मी पुन्हा दुपारी झोपायला सांगितलं. तक्त्यावर हे दोन्ही गट वेगळे दाखवायचे, सरासरी काढून एक करायचे नाहीत. मुलांना एकच चढता आलेख हवा होता, कारण तो ‘छान दिसतो’.

२० नोव्हेंबर

दिवाळीच्या सुट्टीतल्या नोंदी हाती आल्या. पहिले काही दिवस मुलं दहा-अकरा तास झोपली. मग वेळ स्थिरावली ती साधारण १ ते ९.३०. गजर नाही, शाळा नाही, तर बहुतेकांची झोप साडेआठ तासांवर येऊन थांबते. यातली उशिराची बाजू थोडी सवयीची असेल, पण लांबी बघा. शिफारस ८ ते १०ची आहे. प्रदर्शनाचा मुख्य तक्ता हाच करायचा, शेजारी शाळेच्या दिवसांचा.

५ डिसेंबर

प्रदर्शन झालं. परीक्षकांचा पहिला प्रश्न, ‘प्रतिकृती कुठे आहे?’ मुलांनी लाजाळूची कुंडी पुढे केली. दुसरा प्रश्न चांगला होता. तुमचं म्हणणं खरं असेल तर उपाय मुलांच्या सवयींत आहे की शाळेच्या घंटेत? उत्तर देणाऱ्या मुलीने सिएटलचं उदाहरण दिलं. तिथे २०१६ साली माध्यमिक शाळा ७.५० ऐवजी ८.४५ला भरू लागल्या आणि मोजमापात मुलांची रोजची झोप ३४ मिनिटांनी वाढली. वेळ पुढे गेली म्हणून मुलं तेवढीच उशिरा झोपू लागतील ही भीती खरी ठरली नाही. कॅलिफोर्नियात तर २०२२पासून मोठ्या मुलांची शाळा साधारणपणे ८.३०च्या आधी भरवायची नाही असा कायदाच आहे. उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं.

१५ डिसेंबर

मोठ्या बाईंकडे मुलांचं निवेदन. यात मला मुलांचं कौतुक वाटतं, कारण त्यांनी नऊची शाळा मागितली नाही. दोन अधिवेशनांची इमारत आहे हे त्यांना कळतं. त्यांनी ७.४०चा हिशेब मांडला. सकाळचं अधिवेशन १२.४०ला सुटेल, दुपारचं १२.५० ते ५.५०. अडचणीही त्यांनीच लिहिल्या. मधल्या १० मिनिटांत फाटकात गर्दी होईल, रिक्षावाल्या काकांच्या फेऱ्या बदलतील, प्राथमिकची मुलं हिवाळ्यात अंधार पडता पडता घरी जातील. शेवटच्या मुद्द्यावर माझ्याकडेही उत्तर नाही. दुसरी मागणी सोपी होती. पहिल्या तासाला गणित-विज्ञान नको, घटक चाचणी मधल्या सुट्टीनंतर घ्या.

५ जानेवारी २०२६

दुसरी मागणी मान्य. आजपासून नववी-दहावीचा पहिला तास शारीरिक शिक्षण, चित्रकला किंवा ग्रंथालय यांपैकी एक, आणि चाचण्या मधल्या सुट्टीनंतर. गणिताच्या सरांनी कुरकुर केली, कारण त्यांचा तास आता शेवटी, जेवणाच्या भुकेच्या वेळेला आलाय. ७.४०चा विषय पालक-शिक्षक संघाच्या फेब्रुवारीच्या बैठकीत. दुपार अधिवेशनाच्या पालकांना वेगळं बोलवावं लागेल, त्यांचा विरोध असणार आणि तो रास्त आहे.

वह्या पुढच्या सोमवारपासून पुन्हा सुरू. ‘अ’ तुकडीलाही हव्या आहेत. झेरॉक्सचा खर्च विज्ञान मंडळाच्या खात्यातून मंजूर करून घेणे. सूर्योदयाचा रकाना वाढवणे.